ओल

समुद्रपुरात समुद्र नाही,
हे इथं बदलून आलेल्या प्रत्येक साहेबाला आम्ही सांगतो
आणि त्याच्या आधी आम्हीच हसून घेतो.
ऊन मात्र आहे. बेहिशेबी.
आता त्या उन्हाचेही शेअर निघालेत,
आज एकेचाळीस रुपये साठ पैसे.

झेरॉक्सच्या दुकानात, कुलरच्या तोंडाशी
आम्ही चौघं आणि एक मोबाईल.
उगेमुगे सर कंपनीचा अहवाल वाचतात, चष्मा कपाळावर ठेवून:
कर्ज किती, करार किती वर्षांचा,
विजेचे पैसे कोणाकडे किती थकलेत.
लाखे कंपाउंडर काही वाचत नाही.
त्यानं दोनशे घेऊन ठेवलेत,
आता त्याला फक्त आम्ही घ्यायला हवे आहोत.
अंगणवाडीच्या ताकसांडेबाईंकडे भिशीचे अठरा हजार.
मोबाईल त्यांचा, म्हणून बोटही त्यांचंच,
काचेपासून एक वीत वर थांबलेलं.
"काऊन हो भाऊ, घ्याचे का नाई?"

मला विचारतात, कारण मी जिनिंगच्या काट्यावर.
एकतीस हंगाम गाड्या तोलल्या.
वरून सगळाच कापूस पांढरा.
म्हणून कोपरापर्यंत हात घालायचा,
मधल्या थरात, जिथं रात्री कोणी घागर रिचवली असेल तिथं.
ओल आधी बोटांना कळते,
आकडा मागाहून येतो.

अहवालात हात कुठून घालू?
कागद गुळगुळीत, बोट घसरतं.
निळ्या पॅनलच्या रांगा आणि पुढे एक हसरी बाई,
आपल्याकडची नव्हे.

रविवारी सायकल काढली. प्रकल्प गिरडच्या रस्त्याला.
कुंपणापलीकडे निळं कुठंच नव्हतं,
होता तो आमच्याच गाडरस्त्याचा रंग.
शेवंता लांब दांड्याचा ब्रश घेऊन सावलीत बसलेली.
"धुतो न. पाणी आलं का धुतो.
दीड रांग होते, मंग सरते."
आणि ब्रश उलटा करून दाखवला, कोरडा,
जणू चूक ब्रशाची.

टँकर रोज माझ्या काट्यासमोरून जातो.
इक्बाल चहाला थांबला तेव्हा म्हटलं,
"आण ना वर. फुकट तोलून देतो."
तो जरा घुटमळला. मग आणला.
भरलेला टँकर अकरा हजार दोनशे चाळीस.
रिकाम्याचं वजन दारावरच रंगवलेलं, पाच हजार नऊशे.
आणि बिलावर, इक्बालच्याच खिशातल्या,
पाणी दहा हजार लिटर.

जन्मभर कापसात पाणी जास्त निघालं,
इथं पाण्यातच पाणी कमी.

इक्बाल म्हणाला, "मी फक्त चालवतो, भाऊ."
खरं असावं. चहाचे पैसे मात्र त्यानं दिले,
कधी देत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात मी पावती ठेवली, कुलरनं ती उडवली.
सर म्हणाले, "हे अहवालात कुठंय?"
लाखे म्हणाला, "टँकरवर का कंपनी बुडते का राजेहो?"
आणि त्याचंही खरं निघालं:
मंगळवारी भाव त्रेचाळीस वीस.
ताकसांडेबाईंनी बोट खाली आणलं,
पदराला पुसलं,
परत वर नेलं.

मी बुधवारी घेतला. एक.
"एक डझन?"
एक.
सर खो खो हसले.
पण त्यांनीच वाचून दाखवलं होतं, पान एकशे बारावर,
बारीक अक्षरात:
वार्षिक सभेत भागधारक प्रश्न विचारू शकतो.
किती शेअरचा भागधारक, ते लिहिलेलं नाही.

प्रश्न एका ओळीचा आहे.
सोबत पावती जोडली आहे, कार्बनची.
खाली लिहिलं:
काटा दर वर्षी तपासला जातो.
हवं तर येऊन पाहा.